देवघरातलं पिस्तूल

आमच्या घराण्यात शौर्य आहे. हे मी म्हणत नाही, थोरले काका म्हणतात, आणि पुरावा म्हणून देवघरातल्या लोखंडी पेटीकडे बोट दाखवतात. पेटीत लाल मांजरपाटात गुंडाळलेलं एक पिस्तूल आहे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते बाहेर निघतं. कोयता, विळी, कुदळ, काकांचा वस्तरा आणि अलीकडे चुलतभावाचा लॅपटॉप यांच्या रांगेत पाटावर बसतं. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल आणि वर पळीभर पाणी घेतं आणि पुन्हा पेटीत जाऊन झोपतं. मध्ये निवडणूक लागली तर मात्र त्याला उठवून पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. निकाल लागला की काका पावती दाखवून ते परत आणतात आणि घरी आल्यावर आपणच निवडून आल्यासारखे झोपाळ्यावर बसतात.

हे पिस्तूल आलं कुठून, याबद्दल घरात दुमत नाही, तिमत आहे. आमचे एक पूर्वज सत्तावनच्या बंडात तात्या टोप्यांबरोबर होते आणि त्यांनी ते एका गोऱ्या साहेबाच्या कमरेचं हिसकावलं, इथपर्यंत सगळे एक आहेत. पुढे फाटे फुटतात. थोरल्या काकांच्या मते हे झाशीला घडलं, आत्याच्या मते काल्पीला आणि धाकटे काका ग्वाल्हेरच्या खाली उतरायला तयार नाहीत. शाळेत असताना मी तारखा काढून पाहिल्या. झाशी पडली ती एप्रिल १८५८ मध्ये, काल्पी मे महिन्यात आणि ग्वाल्हेर जूनमध्ये. म्हणजे तिघांचंही खरं असू शकत होतं, फक्त पूर्वजांना दर महिन्याला एक साहेब गाठावा लागला असता. हा तोडगा मी मोठ्या उत्साहानं मांडला, तर तिघांनी मिळून मला गप्प बसवलं. त्या पिस्तुलानं टिपलेल्या साहेबांची संख्याही स्थिर नव्हती. मला कळू लागलं तेव्हा साहेब एकच होता. माझ्या मुंजीपर्यंत त्याचे तीन झाले.

खरी लढाई घरातच झाली. आजोबा गेल्यावर शेत वाटलं गेलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, तांब्याची घंगाळी वजनावर वाटली गेली. पिस्तूल काही वाटता येईना. प्रत्येकाकडे चार-चार महिने ठेवावं, असं धाकट्या काकांनी सुचवलं. पण परवाना म्हणजे काही कुलदैवताचा टाक नव्हे, तो ज्याच्या नावावर त्याच्याच घरी शस्त्र राहतं. परवाना थोरल्या काकांच्या नावावर झाला आणि दोन भावांमधलं बोलणं तीस वर्षं ‘त्याला सांगा’ या प्रयोगात अडकलं. २००५ साली कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला, तेव्हा आत्यानं पहिलं नाव घेतलं ते पिस्तुलाचं. शेत दुसऱ्या क्रमांकावर होतं.

आता थोरले काका एक्याऐंशीचे झाले. परवानाधारकानं सत्तरी ओलांडली असेल, तर शस्त्र हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. पण त्याला बाकीच्या वारसांची लेखी संमती लागते. आमच्या घरात लेखी संमती आजवर कोणी कोणाला लग्नपत्रिकेवर नाव छापायलासुद्धा दिलेली नाही. शेवटी वकिलांनी सुचवलं, की उरलेल्या सगळ्याच चीजवस्तूंचं एक वाटणीपत्र करून टाका. त्यांनी रकाने आखले. वस्तू, वर्णन, क्रमांक, किंमत. वस्तूपुढे ‘पिस्तूल’ असं लिहून झालं आणि सगळ्यांचे चेहरे कोरे झाले. कारण साहेबाचं नाव, घोड्याचा रंग, त्या दिवशीचा पाऊस हे सगळं आम्हाला पाठ होतं. पिस्तूल कुठलं, कोणत्या बनावटीचं आणि केवढ्याचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

न्यू जर्सीतल्या आतेभावानं फोटो मागवला आणि दहा मिनिटांत निकाल दिला, ‘कोल्ट नेव्ही!’ सोबत त्यानं लिलावातल्या एका कोल्टचा भाव पाठवला. काही हजार डॉलर होते. कोल्टसाहेबानं १८५३ ते १८५६ या काळात लंडनलाही कारखाना चालवला होता, तिथली पिस्तुलं इंग्रज अधिकारी वापरत, त्यामुळे ते हिंदुस्थानात येणं अगदी शक्य आहे, असंही त्यानं कळवलं. यातली सगळी माहिती खरी होती, फक्त ती आमच्या पिस्तुलाची नव्हती. पण त्या रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर एकही सुप्रभात, फूल वा सुविचार आला नाही. प्रत्येक जण डॉलरला रुपयानं गुणून त्याला तिनानं भागत होता. सकाळी धाकट्या काकांनी थोरल्या काकांना तीस वर्षांनी प्रथमच थेट फोन केला. म्हणाले, ‘दादा, ते नीट कुलपात आहे ना?’

जाणकार शोधताना पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांचं नाव कळलं. जुन्या हत्यारांचा त्यांचा पन्नास वर्षांचा अभ्यास. फोनवर त्यांनी तीन वाक्यं सांगितली. ‘पिस्तूल घेऊन एसटीत बसू नका, मी येतो. चाप ओढून बघू नका. आणि कृपा करून त्याला घासू नका.’ पहिल्या दोन सूचना काकांपर्यंत पोचल्या. तिसरी मी सांगायच्या आतच त्यांनी पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी चिंच, राख आणि पॉलिश पेपर घेऊन पिस्तुलाला तीन तास न्हाऊ घातलं होतं. ते आता आमच्या पाण्याच्या पिंपाच्या तोटीसारखं चमकत होतं.

ते गृहस्थ, म्हणजे आमच्यापुरते ‘सर’, आले. चहा साखर कमी सांगून घेतला. पिस्तुलाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘हे कोणी केलं?’ काकांनी अभिमानानं हात वर केला. सर म्हणाले, ‘शंभर वर्षांत लोखंडावर एक तपकिरी साय धरते. तिच्याचसाठी संग्राहक पैसे मोजतात. तुम्ही ती काढलीत. दुधावरची साय काढून पातेलं घासल्यासारखं झालं.’ काकांचा हात अजून वरच होता. आत्यानं तो खाली घेतला.

मग त्यांनी मला सोडून सगळ्यांना ओसरीवर पाठवलं. जुनं हत्यार हाती आलं की पहिला प्रश्न किमतीचा नसतो, ते भरलेलं आहे का हा असतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. कोरडी राहिली तर ती शंभर वर्षांनीही तितकीच तिखट असते, आणि ठासून भरलेलं पिस्तूल खुंटीला टांगून मालक देवाघरी गेला, असं जगात पुष्कळ वेळा घडलेलं आहे. आमचे आजोबा नळीत एक डोळा घालून ‘आत काही दिसत नाही’ म्हणायचे, हे सरांना सांगितल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग नळी भिंतीकडे धरून त्यांनी उजव्या बाजूची छोटी झडप उघडली आणि चकरीचं एकेक भोक तपासलं. सहापैकी पाच रिकामी होती. सहाव्यातून त्यांनी चिमट्यानं अक्षतांचे अकरा दाणे आणि झेंडूची वाळलेली पाकळी काढली. घराण्याचा दारूगोळा तेवढाच होता.

‘गोष्ट बाजूला ठेवा, मी वस्तूशी बोलतो,’ असं म्हणून त्यांनी भिंग काढलं.

सगळ्यात आधी कोल्ट गेलं. कोल्टच्या नळीवर कंपनीचा पत्ता कोरलेला असतो, अंगावरच्या क्रमांकावरून बनल्याचं साल काढता येतं. आमची नळी बोडकी होती. दुसरं म्हणजे कोल्ट नेव्ही ठासणीचं. त्यात चकरीच्या प्रत्येक भोकात पुढून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची, तोंडाशी चरबी माखायची आणि मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. चरबी अशासाठी, की एका भोकाची ठिणगी शेजारच्यात गेली तर सगळे बार एकदम उडतात. (आमच्याकडे वाटणीच्या बैठकीत चरबी लावायची राहून गेली होती.) आमच्या चकरीला मागे बोंड्याच नव्हत्या. त्याऐवजी मागच्या काठाला, प्रत्येक भोकाच्या डोक्यावर एकेक बारीक खाच होती. लहानपणापासून ती मला नक्षी वाटायची.

सरांचा चेहरा प्रथमच खुलला. ‘हे खिळ्याच्या काडतुसाचं पिस्तूल आहे,’ ते म्हणाले. या काडतुसाच्या बुडापाशी, कुशीतून एक पितळी खिळा काट्यासारखा बाहेर आलेला असतो. काडतूस भोकात बसलं की खिळा त्या खाचेतून डोकं वर काढतो. घोडा वरून त्याच्यावर आपटतो, खिळा आतल्या टोपीवर बसतो, टोपी काळी दारू पेटवते. खिशात असली काडतुसं बाळगून घोड्यावर बसणं म्हणजे खिशात विंचू बाळगणं. तरी युरोपात ती अतोनात चालली. लफोशे नावाच्या फ्रेंच कारागिरानं असल्या पिस्तुलाचं पेटंट १८५४ साली घेतलं, १८५८ साली फ्रेंच आरमारानं ते स्वीकारलं आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातही उत्तरेच्या सैन्यानं ती हजारांनी विकत घेतली.

‘१८५४!’ थोरले काका ओसरीवरून ओरडले. ते दाराला कान लावून होते. १८५४ म्हणजे सत्तावनच्या आधी! आत सगळी गर्दी झाली. धाकट्या काकांनी दादांना मिठी मारली. आत्यानं पिस्तुलाला कुंकू लावायला करंडा उचलला, तो सरांनी वरच्या वर धरला.

‘थांबा. इथे नळीच्या बुडाशी एक खूण आहे, ती हळदीनं भरलीय.’ दातकोरणीनं त्यांनी हळद काढायला घेतली. थरावर थर निघाला. दर दसऱ्याला एक, असं धरलं तर आमच्या भक्तीचं वय त्यावरून मोजता आलं असतं. तळाशी एक लंबगोल दिसला. त्यात ई, एल, जी ही तीन अक्षरं आणि खाली चांदणी. ‘लिएज. बेल्जियम,’ सर म्हणाले. लिएज हे बंदुका करणाऱ्यांचं शहर. तिथल्या परीक्षागृहाचं काम १६७२ पासून चालू आहे. जास्त दारू भरून बार उडवायचा, नळी फुटली नाही तर ही खूण मारायची. लहान लहान कारागीर घरोघरी सुटे भाग बनवत, ते जोडून बिननावाची पिस्तुलं साऱ्या जगात जात. म्हणूनच आमच्याच्या अंगावर कारखान्याचं नाव नव्हतं.

‘आणि लंबगोलावर,’ सर भिंग जवळ नेत म्हणाले, ‘मुकुट आहे.’

‘मुकुट!’ थोरल्या काकांचा आवाज भरून आला. ‘अहो, म्हणजे राजघराण्यातलं!’

‘म्हणजे १८९३ नंतरचं,’ सर म्हणाले. ‘लिएजवाल्यांनी या खुणेवर मुकुट चढवायला १८९३ साली सुरुवात केली. त्याआधीच्या खुणेला मुकुट नाही.’

आमच्या माजघरात भिंतीवर घड्याळ आहे आणि ते टिकटिक करतं, हे मला त्या दिवशी कळलं. सातवीतल्या भाचीनं बोटांवर हिशोब केला. ‘तात्या टोप्यांना १८५९ मध्ये फाशी दिली ना? मग हे पिस्तूल त्यांच्यानंतर निदान चौतीस वर्षांनी झालं.’ तिला आईनं आत नेलं. धाकटे काका चिवट आहेत. ते म्हणाले, ‘मुकुट मागाहून मारला असेल.’ सर म्हणाले, ‘असेल. तुमचे पूर्वज ते घेऊन परत बेल्जियमला गेले असतील तर.’

मग मी पेटीच्या तळाची कापडी बांधणीची वही काढून दिली. मोडीत होती, त्यामुळे तिच्यात स्तोत्रं आहेत असं समजून आम्ही तिचीही पूजा करत होतो. सरांना मोडी येत होती. ती माझ्या पणजोबांची जमाखर्चाची वही निघाली. पणजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते, वसुलीची थैली गावोगावहून तालुक्याला आणण्याचं काम त्यांच्याकडे असे. शके १८२९ च्या, म्हणजे १९०७ सालच्या पानावर त्यांच्या हातची ओळ होती, ‘तमंचा जुना नग १, रुपये १४. तेल बाटली, चार आणे.’ म्हणजे ज्या पिस्तुलानं इंग्रजाचा जीव घेतला म्हणून आम्ही तीन पिढ्या छाती काढून चाललो, ते इंग्रजाची तिजोरी राखायला घेतलेलं होतं, तेही वापरलेलं, आणि पदरच्या पैशांनी.

सरांनी वही जवळ ओढली. ‘खर्च कोणत्या खाती लिहिलाय बघा.’ वर सत्यनारायणाची दक्षिणा, खाली गोंधळ्यांची बिदागी आणि मध्ये तमंचा. पानाच्या डोक्यावर ‘देवधर्म’. आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, ‘तुझी पणजी फार कडक होती म्हणे. वही तिच्या डोळ्याखालून जायची.’

पणजोबांनी बायकोच्या धाकानं मारलेली ती थाप पुढच्या पिढ्यांनी मात्र खरी करून दाखवली. शंभरावर दसरे आम्ही त्या पिस्तुलाचं देवकार्यच करत आलो. त्याच्या अंगावरचे खड्डे सरांनी भिंगातून दाखवले. ते पळीभर पाण्याचे आणि आमच्या भक्तीचे होते. नळीच्या आतल्या पीळदार खाचा मात्र शाबूत होत्या. बार उडवल्यावर काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते आणि नळी आतून खाते. तसं काही दिसेना. ‘हे फारसं चाललेलं नाही,’ सर म्हणाले. गोरा साहेब तर सोडाच, या पिस्तुलानं आंब्याची कैरीसुद्धा पाडलेली दिसत नव्हती.

‘पण किंमत?’ वकिलांनी आठवण करून दिली.

सरांनी बोटं मोडली. अशी बिननावाची लिएजी पिस्तुलं युरोपात ढिगानं आहेत, चांगल्या स्थितीतली शंभर-दोनशे युरोंत मिळतात. आमचं घासलेलं, म्हणून त्याहून कमी. तिकडे विकावं म्हटलं तर शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं बंदी. इथे विकावं तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, आणि परवानाधारक या पिस्तुलाचं करणार काय? त्याची काडतुसं दुकानात मिळत नाहीत. आतेभावानं न्यू जर्सीहून कळवलं, की अमेरिकेत १८९८ पर्यंतची हत्यारं तिथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक मानलीच जात नाहीत. आपल्याकडे मात्र जुनं हत्यार सुटतं ते दुरुस्त करूनही उडणार नाही अशी खात्री असेल तरच. आमचं उडत नव्हतं, पण उडू शकलं असतं. घरातल्या दोन-तीन माणसांबद्दलही आमचं हेच मत आहे.

जाता जाता सरांनी परवाना मागितला, पिस्तूल उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, ‘परवान्यावर क्रमांक ८१९ आहे. पिस्तुलावर ६१८ आहे.’

झालं असं, की क्रमांक इंग्रजी आकड्यांत कोरलेला. पिस्तूल उलटं धरलं की सहाचा नऊ होतो, आठ आणि एक तसेच राहतात. कोणे एके काळी कोणा लिहिणाऱ्यानं ते उलटं धरून क्रमांक उतरवला आणि पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात तो इमानदारीनं नकलला गेला. म्हणजे इतक्या निवडणुकांत आम्ही ठाण्यात जे जमा केलं आणि सही करून परत आणलं, ते ८१९ नंबरचं पिस्तूल जगात नव्हतंच. कागद धरले तर ८१९ बेपत्ता होतं आणि ६१८ विनापरवाना. ज्याच्या नावावर शस्त्र होईल त्यानं अर्ज करून, प्रतिज्ञापत्र जोडून हे दुरुस्त करून घ्यायचं, असं वकील म्हणाले.

पुढचं सगळं फार लवकर झालं. धाकटे काका उठले आणि म्हणाले, ‘दादा, मोठेपणाचा मान तुमचा, माझी काही हरकत नाही.’ त्यांनी सही केली. आत्या म्हणाली, ‘मी सासुरवाशीण, मला कशाला हत्यार?’ तिनं दोन ठिकाणी केली. न्यू जर्सीहून पंधरा मिनिटांत संमती आली, सहीसकट. आमच्या घराण्याच्या इतिहासात एखाद्या कागदावर सगळ्या वारसांच्या सह्या एकाच दुपारी झाल्याची ही पहिली वेळ. तुमच्याकडे एखाद्या वडिलोपार्जित वस्तूवरून तंटा चालू असेल, तर कोर्टात जाऊ नका, जाणकाराला बोलावून तिची किंमत करा. वारस म्हणून नाव कोणाचं घालायचं, असं वकिलांनी विचारलं तेव्हा मी सरांना गाडीपर्यंत सोडायला गेलो होतो. परत आलो तर माझं नाव घातलेलं होतं.

एक रकाना तेवढा उरला होता. युरोतला भाव मी सांगितला, तर वकिलांनी लेखी पुरावा मागितला. सरांचं तोंडी मत चालेना, लिलावाचा फोटो चालेना, सत्तावनची गोष्ट तर नकोच म्हणाले. लेखी पुरावा घरात एकच होता. त्यांनी वही पाहिली, ओळ वाचून घेतली, तेलाचे चार आणे वेगळे काढले आणि आकडा भरला. आमच्या शौर्याची कागदोपत्री किंमत आज रुपये चौदा फक्त आहे.